इंजिनाच्या नाकावरचं गाळणं

पांजरापोळीत इंजिन आलं त्या दिवशी मला पडलेला पहिला प्रश्न असा, की याला कुंकू लावायचं कुठे? बैलाला कपाळ असतं, तिजोरीला दार असतं, विहिरीला निदान काठ असतो. हे तर सगळीकडून सारखंच काळं आणि तेलकट. शेवटी त्याच्या मोठ्या चाकाला ओल्या कुंकवाचं बोट लावून मी मागे सरले.

"भाभी," सलाउद्दीन मिस्त्री हँडल हातात घेऊन म्हणाला, "जव्हय हाई फिरी, तव्हय ते उडी जाई."

मी नुसती हसले. पूजेचं कुंकू कसं उडेल? चाक फिरलं आणि ते कुंकू थेट माझ्या नव्या लुगड्यावर येऊन बसलं. त्या यंत्राचं आणि माझं कसं जमणार, ते तिथेच कळायला हवं होतं. पण कळणं हा गुण माझ्यात उशिरा येतो.

आमचं घर नंदुरबारला, पांजरापोळीच्या भिंतीला भिंत लावून. म्हातारी, लंगडी, मालकाला नकोशी झालेली गुरं तिथे शेवटपर्यंत सांभाळतात. कारभार आम्हा जैन महाजनांकडे, आणि महाजनांनी तो शेठांच्या गळ्यात घातलेला. शेठ म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि गावही त्यांना शेठच म्हणतं, तेव्हा इथेही तेच बरं. पूर्वी गुरांच्या हौदाला पाणी मोटेने चढायचं. म्हाताऱ्या बैलांना पाणी पाजायचं म्हणून तरण्या बैलांना उन्हात ओढायला लावायचं, हे शेठांना खुपायला लागलं. बाजारातले लोकही चिडवायचे, "शेठ, मोटेचे बैल तुमच्या पांजरापोळीत कधी भरती व्हायचे?" म्हणून सुरतेहून हे रॉकेलवर चालणारं इंजिन आलं, आणि ते चालवायला पूर्वी कापसाच्या जिनिंगात काम केलेला सलाउद्दीन आला.

आता माझ्याविषयी. घरात आम्ही गुजराती बोलतो, बाजारात अहिराणी, आणि लिहिण्यापुरती मराठी मी शाळेत शिकले. माझा आवाज लहान आहे. नेम मात्र मोठे आहेत. पाणी गाळून आणि उकळून, दिवस मावळल्यावर तोंडात थेंब नाही, सकाळी मंदिरात पूजा, आणि घरी आल्यावर सामायिक. सामायिक म्हणजे लोकरीच्या आसनावर बसायचं, समोर रेतीची घडी उलटी करून ठेवायची, आणि वरची रेती खाली सांडेपर्यंत उठायचं नाही, संसारातला शब्द बोलायचा नाही, मन समभावात ठेवायचं. मी उठत नाही आणि बोलतही नाही. मनाचं म्हणाल तर आजवर सामायिकात बसून मी किती डाळी शिजवल्या आणि किती सुनांचे कान उपटले, ते केवळी भगवंतच जाणे. मला सुना नाहीत, हे विशेष.

इंजिन ज्या शेडमध्ये बसवलं तिथे कडब्याचा भुसा फार उडतो. म्हणून सुरतेच्या माणसाने त्याची हवा ओढायची नळी मागच्या भिंतीतून आरपार काढली. त्या नळीचं तोंड उघडलं ते आमच्या मागच्या अंगणात. तिथे मी धुणं वाळत घालते, पापड घालते, बायका येऊन बसतात. गडीमाणूस तिकडे येत नाही. धुराची नळी मात्र वर, शेडच्या छपरातून. थोडक्यात, यंत्राची शेपूट त्यांच्याकडे आणि नाक माझ्याकडे.

आश्विनातली गोष्ट. उन्हं कलली की अंगणात चिलटांचे पुंजके नाचायचे. एकदा मी कपडे काढता काढता त्या नळीपाशी थबकले. इंजिन चालू होतं. एक चिलट तोंडाजवळ आलं, आणि गेलं. दुसरं आलं, गेलं. मग एक पांढरं पाखरू आलं. त्याने बिचाऱ्याने थोडं माघारी फिरायचा यत्न केला, आणि तेही गेलं.

पाण्याचा थेंब गाळल्याशिवाय न पिणारी मी, आणि माझ्याच अंगणात हे राक्षसी नाक दिवसभर जीव ओढतंय! मी घरात गेले, पाणी गाळायचं धुतलेलं गाळणं आणलं, नेमाप्रमाणे दुहेरी केलं, आणि इंजिन थांबल्यावर त्या तोंडावर घट्ट बांधून टाकलं. माझी गाठ घाईत कोणालाच सुटत नाही, हा माझा लौकिक आहे. रोज सकाळी गाळणं सोडायचं, अडकलेले जीव निंबाच्या पानांवर हलकेच झटकायचे, कापड धुवायचं, वाळवून परत बांधायचं, असा नवा नेम मी स्वतःशी घेतला. कोणाला सांगितलं नाही. पुण्य सांगितलं की कमी होतं म्हणतात. त्या रात्री मला गाढ झोप लागली. पुण्य केलं की मला झोप लागते, आणि झोप लागली की मी समजते पुण्य झालं.

दोन-तीन दिवसांत धूर सुरू झाला.

आधी थोडा, मग भसाभसा. काळा, जाड, काजळीचा. छपरावरून तो उतरायचा थेट माझ्या अंगणात, आणि बसायचा कुठे, तर माझ्या पूजेच्या कपड्यांवर. पूजेचे कपडे काळे म्हणजे पूजा खोळंबली. मी भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "मिस्त्री, धूर फार येतो हो." माझ्या आवाजात म्हटलेलं इंजिनापलीकडे कसलं ऐकू जातंय! मग बाज्याला निरोप दिला. बाज्या धडगावकडचा पावरा आदिवासी, गुरांचं सगळं तोच बघायचा, आणि गुरांशिवाय कोणालाही फारसं मोठं मानायचा नाही.

सलाउद्दीन बोलणारा माणूस. जिनिंगातल्या मोठ्या इंजिनाच्या गोष्टी सांगायला लागला की हौद भरून वाहायला लागायचा, तरी याची गोष्ट संपायची नाही. धुराचं त्याला उलट बरंच वाटलं. काहीतरी उघडायला मिळालं. भिंतीच्या त्या बाजूने त्याचं व्याख्यान मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"देख बाज्या, धूर निळा व्हता, तं वंगण जळी ऱ्हायनं असं समज. धवळा व्हता, तं पाणी. हाऊ शे काळा. म्हंजे रॉकेल जास्त, वारा कमी."

"म्हैस कमी खाते तेव्हा मी म्हशीला विचारतो," बाज्या म्हणाला. "तू त्याला विचार."

सलाउद्दीनने रॉकेलची सुई पिळून कमी केली. धूर तसाच. ठिणगी पडते तो प्लग काढला. कोळशासारखा काळा निघाला. घासून पुसून बसवला. इंजिन घटकाभर खुशीत चाललं, पुन्हा धूर. मग त्याला वाटलं रॉकेलमध्ये घाण आहे, तर ते गाळून घ्यावं. बाज्या कापड मागायला आला तेव्हा मला काय आनंद झाला! मी माझं दुसरं गाळणं दिलं, वर सांगितलं, "मिस्त्रींना म्हणावं, जगात गाळून घेतल्यावर बिघडलेलं काही मी पाहिलं नाही."

मग त्याने धुराची नळी उतरवली, बांबूने खरवडली. आतली सगळी काजळी बाज्याच्या डोक्यावर पडली. बाज्याने तसंच जाऊन म्हशीला गवत टाकलं, तर म्हैस दावं तोडून पळाली. धूर तसाच.

आणि माझं काय चाललं होतं? अंगणात एवढी काजळी उडायला लागली, तेव्हा मला वाटलं, हीच घाण त्या नाकात जात असेल. बिचाऱ्या यंत्रालाही स्वच्छ हवा नको का? म्हणून मी दुहेरीचं गाळणं चौपदरी केलं. धूर वाढला. धूर वाढला म्हणून मी शेवटी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन तो आठपदरी बांधला. मंदिरात पूजा करताना आपला श्वास मूर्तीला लागू नये म्हणून आम्ही तोंडा-नाकावर आठपदरी कापड बांधतो, त्याला मुखकोश म्हणतात. इंजिनालाही मी आता मुखकोश बांधला होता. मागे सरून पाहिलं. फार सोज्वळ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सलाउद्दीनची हाक आली. इंजिन बंद होतं, म्हणून स्पष्ट ऐकू आली.

"भाभी! ओ भाभी! तुमना अंगणमा वारानी नळी शे ना, तिना तोंडवर काही येल शे का? पान, काडी, चिडीनं घरटं?"

मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. असत्य न बोलण्याचा माझा नेम आहे. पान नव्हतं, काडी नव्हती, घरटं तर नव्हतंच. माझं कापड होतं, पण ते सकाळीच धुतलेलं. त्याच्याइतकं निर्मळ त्या अंगणात दुसरं काही नव्हतं. गाळणं ही काय "आलेली" वस्तू आहे? आमच्या घरात माठावर गाळणं असतं, नळावर असतं, लोट्यावर असतं. त्याला कोणी अडथळा म्हणत नाही.

"काही नाही हो," मी होता होईल तेवढ्या मोठ्याने म्हटलं. "अगदी साफ आहे."

"येऊन देखू का?"

"अहो, बायका बसल्यात," मी म्हटलं. खरंच बसल्या होत्या.

"ऱ्हाऊ द्या मंग," सलाउद्दीन म्हणाला, आणि बाज्याला सांगितलेलं मला ऐकू आलं, "भाभीनी सांगं म्हंजे झालं. ती बाई खोटं बोलस नही. वारानी नळी सोड. दुसरं शोध."

इतका विश्वास माझ्यावर माझ्या सख्ख्या बहिणीनेही कधी ठेवला नाही.

त्याच संध्याकाळी, दिवस असतानाच, शेठ जेवायला बसले. त्यांच्या धोतरावरही काजळी होती. मी फुलका वाढला आणि माझ्या लहान आवाजात म्हटलं, "रॉकेलच बरं नसेल का?"

एवढंच. पण माझा आवाज लहान असल्यामुळे लोक ऐकायला जवळ सरकतात, आणि जवळ सरकून ऐकलेलं विसरत नाहीत. शेठ महाजनांच्या बैठकीत म्हणाले, रॉकेलची शंका येते. महाजनांतल्या एकाने दुकानात म्हटलं, रॉकेलमध्ये भेसळ आहे म्हणे. दुकानातून ते बाजारात गेलं, आणि बाजारातून परत आमच्या दारी आलं तेव्हा त्याला हातपाय फुटले होते: सलाउद्दीन चांगलं रॉकेल बाहेर विकतो आणि इंजिनात काहीतरी मिसळून ओततो. मुक्या जनावरांच्या पाण्यात चोरी करतो!

"असं कोण म्हणालं?" मी कामवालीला विचारलं.

"सगळेच म्हणत्यात," ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. लोक किती सहज बोलतात, असंही मी म्हणाले.

मग बिबीजान आली. सलाउद्दीनची म्हातारी आई. माझ्याकडे ती पूर्वीपासून यायची, गोधडीला जुन्या लुगड्यांच्या चिंध्या न्यायला. या वेळी तिने चिंध्यांचं नावही काढलं नाही. अंगणात भिंतीला टेकून बसली, नेमकी त्या नळीखाली. डोक्यावर माझा मुखकोश, खाली म्हातारी.

"मन्हा पोऱ्या जेवस नही, भाभी," ती म्हणाली. "मस्जिदमा गया, तं लोक सरकी बसनात. शेठनी उद्या सकाळी बलायेल शे. चोर म्हनीसन काढी देतीन त्याले. नोकरी गई तं जाऊ दे, पन नाव? तो म्हनस, मी गावच सोडी देस, सुरत जास. या वयमा मी कथी जाऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मी उद्या त्याच्या नावाने एक जास्तीची माळ ओढीन," मी म्हटलं. माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच आहे, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

बिबीजानने डोळे पुसता पुसता वर पाहिलं. "हाई काय बांधेल शे?"

"जीव आत जाऊ नयेत म्हणून."

"अच्छा करं हां, भाभी," ती म्हणाली. "सवाब शे." सवाब म्हणजे त्यांच्यात पुण्य.

आणि आम्ही दोघी देवभोळ्या बायका त्या गाळण्याकडे पाहून बराच वेळ माना हलवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पडसं झालं होतं. नाक चोंदलेलं. तरी पूजा चुकवायची कशी? मंदिरात आठपदरी मुखकोश बांधला, अभिषेकाचा कलश उचलला, आणि दोन पायऱ्या चढते न चढते तोच छाती भरून आली. कानात घूं घूं व्हायला लागलं, डोळ्यांपुढे काळं आलं. कशीबशी पूजा आटोपून बाहेर येऊन मी कापड ओढून काढलं आणि अशी हवा घेतली, अशी हवा घेतली, की बाहेरची फुलवाली म्हणाली, "काय बाई, दोन दिवसांची घेतली का?"

घरी आले. मागच्या पडवीत, अंगणाकडे तोंड करून आसन टाकलं, रेतीची घडी उलटी केली आणि सामायिकाला बसले. पलीकडे शेडमध्ये माणसं जमल्याचं कळत होतं. शेठांचा आवाज आला.

"सलाउद्दीन, हँडल इथे ठेव. किल्ली ठेव. आम्हाला भांडण नको."

"मी चोर नही शे, शेठ."

"मी तसं म्हटलंय का?"

"तुम्ही नही म्हनत. सारा गाव म्हनस, आणि तुम्ही चूप ऱ्हातस."

मी माळ सरकवली. समभाव, समभाव.

"जातो मी," सलाउद्दीन म्हणाला. "पन एक डाव तुमना समोर चालू करू द्या. नवा डबा फोडा, तुमना हातखाल ओता. मंग धूर उना तं सांगा, चोर कोन?"

डबा फोडल्याचा आवाज आला. शेठांनी रॉकेल स्वतः ओतलं असावं. हँडल फिरलं. इंजिन खोकत खोकत चालू झालं, आणि छपरावरून तोच काळा लोट माझ्या अंगणात उतरला.

"पाहिलंत, शेठ? रॉकेल तुमनं, धूर तोच!" सलाउद्दीनचा आवाज फाटला होता. "याले दम लागी ऱ्हायना, शेठ! कोनी याना गळा धरेल शे! मी सुई देखी, प्लग देखा, नळी देखी, आते काय देखू?"

गळा धरलाय म्हटल्यावर माझी नजर सहज समोर गेली. नळीच्या तोंडावरचं माझं कापड आत खेचलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा आत खेचलं जात होतं. दम्याच्या माणसाचे गाल बसतात तसं. मघाशी मंदिरात माझंही तोंड तसंच दिसत असणार.

मी कापडाकडे पाहिलं. मग घडीकडे पाहिलं. वरची रेती अजून अर्धीही सांडली नव्हती.

त्यानंतर माझ्या मनात जे चाललं त्याला समभाव म्हणता येणार नाही. सामायिकातून मध्येच उठायचं नाही. लहानपणापासून एकदाही उठलेली नाही. एकदा दूध उतू गेलं तरी उठले नाही, आणि त्याचा अभिमान मी अजून बाळगून होते. मला वाटलं, रेती संपली की जाऊन सांगू. एवढ्यात काय होतंय? तोवर पलीकडून शेठ म्हणाले, "जा आता, सलाउद्दीन. गाडीची वेळ होईल." रेती पडत होती, पण कशी, एकेक कण मोजून! बोटाने घडी जराशी हलवावी असाही विचार मनात येऊन गेला. मग मला माझीच लाज वाटली. उठणं पाप, आणि घडीला हात लावून फसवणं हे काय पुण्य?

मी उठले. आसन, माळ, घडी तिथेच टाकून अंगणात धावले. धावले म्हणजे पदर सांभाळत जितकं धावता येतं तितकं. आणि गाठ सुटेना! माझीच गाठ, माझाच लौकिक. नखं लावली, दात लावले, आणि शेवटी सगळं कापड दोन्ही हातांनी हिसडून ओढलं तेव्हा ते फाटून हातात आलं.

इंजिनाने एक मोठा श्वास घेतला. मला तर तो ऐकू आला. खोकला थांबला, ठोका सरळ पडायला लागला, वेग वाढला. छपरावरचा काळा लोट विरळ झाला, राखाडी झाला, आणि दिसेनासा झाला. हौदात पाणी धबाधबा पडल्याचा आवाज आला.

मला वाटलं, संपलं. आता सगळं आपोआप ठीक होईल.

पलीकडून महाजनांपैकी कोणीतरी ओरडलं, "बघा! पाहिलंत ना शेठ? याने पाठ फिरवली आणि धूर गेला! म्हणजे यानेच काहीतरी करून ठेवलं होतं!"

"नाही," बाज्या म्हणाला. "बाई तिकडे जाप करताहेत. जापाने गेला."

"हो, हो, तेही खरं. तपाचं बळ आहे घरात."

बघा, कशी वेळ होती. मी नुसती गप्प उभी राहिले असते, तर गावात सती-साध्वी ठरले असते आणि सलाउद्दीन पक्का चोर. आणि गप्प राहणं तर माझा हातखंडा.

मी कापड हातात घेऊन शेडकडे गेले. महाजनांसमोर मी कधी उभीही राहिलेली नव्हते. मला पाहून शेठ चपापले. मी म्हटलं, "तो धूर माझ्यामुळे होता." इंजिन चालू. कोणाला काही ऐकू गेलं नाही. महाजन आदराने हात जोडून उभे. त्यांना वाटलं मी आशीर्वाद देते आहे. मी पुन्हा म्हटलं. शेठांनी कानामागे हात धरला. सलाउद्दीन गाठोडं काखेला मारून दाराबाहेर पडत होता, त्याची माय मागे.

तेव्हा मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा.

"मिस्त्री, थांबा! धूर मी केला! नळीचं तोंड मी बांधलं होतं! हे बघा!"

आवाज एवढा मोठा निघाला की माझी मीच दचकले. म्हैस पुन्हा दावं तोडून पळाली. बाज्या तिच्यामागे पळाला. शेठांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई कोणाच्या घरची.

सलाउद्दीन परत आला. इंजिन बंद केलं. माझ्या हातातलं फाटकं कापड घेऊन एकेक पदर उलगडायला लागला. उलगडतो, उलगडतो, ते संपेचना.

"भाभी," तो शेवटी म्हणाला, "मी तुमले इचारं व्हतं. तुम्ही सांगं, साफ शे."

"धुतलेलं होतं हो," मी म्हटलं.

मग बिबीजानला हसू फुटलं, पदर तोंडात कोंबूनही आवरेना. "मी बी देखं व्हतं रे," ती म्हणाली, "मी म्हनं, सवाब शे!" मग सलाउद्दीन हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी खाली ठेवलेलं हँडल उचललं, धोतराने पुसलं आणि महाजनांच्या देखत सलाउद्दीनच्या हातात दिलं. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी गप्प राहिलो, ती." आमच्यात क्षमा मागायला म्हणतात, तसं मी हात जोडून म्हटलं, "मिच्छामि दुक्कडं, मिस्त्री."

"ते काय ऱ्हास?"

"माफी मागताहेत," शेठ म्हणाले.

"माले कसाले? त्याले मागा." त्याने इंजिनाकडे बोट केलं. "त्यानं नाक धरेल व्हतं, मन्हं नही." मग म्हणाला, "मन्हं बी धरेल व्हतं म्हना."

चिलटांचा प्रश्न उरलाच होता, आणि तो मी सोडणार नव्हते. सलाउद्दीनने विचार केला आणि म्हणाला, कापड तोंडाला चिकटवू नका, लांब धरा आणि मोठं धरा. बाज्याने बांबूची मोठी टोपली आणली, तिच्यावर एकपदरी मलमल ताणली, आणि ती टोपली नळीवर उपडी बसवली. एवढ्या ऐसपैस कापडातून हवा हळूच आत जायची; चिलटं येऊन टेकायची आणि उडून जायची. बाज्याला ते बघून काही वाटलं नाही. "कोंबडी झाकतो आम्ही असंच," म्हणाला.

बाजाराचं काम कठीण निघालं. वाईट शंका मी एकदाच कुजबुजले होते, आणि ती बिनतिकिटाची गावभर फिरून आली. ही खरी गोष्ट मात्र मला दारोदार जाऊन सांगावी लागली. मंदिराच्या पायऱ्यांवर, दाण्याच्या दुकानात, पापड लाटताना. लोक म्हणायचे, "पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही." ऐकू आलेलं असायचं. त्यांना मी मोठ्याने बोलताना बघायचं असायचं. पण सलाउद्दीन मशिदीत गेला की लोक आता सरकून बसत ते जागा द्यायला, आणि मग इंजिनाची गोष्ट सांग म्हणत. ती गोष्ट त्याने इतकी वाढवली, की शेवटी माझ्या कापडाला बारा पदर झाले होते.

राहिलं सामायिक. चातुर्मासासाठी साध्वीजी महाराज गावातच होत्या. त्यांच्यापुढे बसून मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी तोंडापुढच्या कापडाची, मुहपत्तीची, घडी दोन-तीनदा दाबून धरली, बराच विचार केला. मग म्हणाल्या, "सामायिक मोडलं, त्याचं एक आयंबिल कर, आणि सामायिक पुन्हा बस. इंजिनाचं प्रायश्चित्त मला माहीत नाही. ते मिस्त्रीला विचार."

आयंबिल म्हणजे एकदाच जेवायचं, आणि तेही तेल, तूप, मीठ, मसाला काही नसलेलं. मी ते केलं. भिंतीपलीकडे सलाउद्दीन इंजिनाला तेल घालत होता, तेव्हा मला त्याचा जरा हेवा वाटला, तोही इथे लिहून टाकते.

मग मिस्त्रीला विचारलं. सलाउद्दीनने या गोष्टीचा विचार साध्वीजींपेक्षाही जास्त वेळ केला.

"रोज सकाळे," तो म्हणाला, "इंजिन चालू करं का मी हाक मारसू. तुम्ही टोपलीवर तळहात धरा. वारा आत ओढस का ते देखा. आणि माले सांगा. पन माले ऐकू येई असं सांगा, भाभी. हळू सांगं तं तो नेम मोजाना नही."

तेव्हापासून माझ्या नेमांत एकाची भर पडली. पूजा होते, सामायिक होतं, आणि मग भिंतीपलीकडून हाक येते, "भाभीsss!" मी टोपलीवर हात धरते. मलमल तळहाताला हळूच चिकटते. मग छाती भरून श्वास घेते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडते:

"ओढतंय होsss!"

शेठ त्या वेळी मुद्दाम दुकानात जातात. म्हशीला मात्र आता सवय झाली आहे.